स्वस्थ बसलेले ग्राफिक्स कार्ड

एखाद्या छायाचित्रकाराची अडचण डोळ्यांपुढे आणा. विवाहसमारंभाची चारपाचशे छायाचित्रे सकाळपर्यंत यजमानांच्या हाती द्यावयाची आहेत. आणि एखाद्या चित्रातील रवाळपणा काढावयास घेतला की संगणक थबकून राहतो. संगणकात उत्तम ग्राफिक्स कार्ड आहे, परंतु ते स्वस्थ बसलेले! अशा वेळी नवा संगणक घेण्याचा विचार मनात येतो. तो खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे हे पाहणे शहाणपणाचे होय.

उदाहरणादाखल लिनक्सवर चालणारे डार्कटेबल हे सॉफ्टवेअर घेऊ. 2.4 कोटी बिंदूंच्या चित्रात ते प्रत्येक बिंदूसाठी चार संख्या ठेवते आणि प्रत्येक संख्येस चार बाइट लागतात. म्हणजे एका चित्राचे ओझे 38.4 कोटी बाइटांचे झाले. मुख्य प्रोसेसर हे काम मोजक्या हातांनी करतो. ग्राफिक्स कार्डाला असे शेकडो हात असतात. त्या हातांना काम सांगण्यासाठी 2008 साली जी सामाईक व्यवस्था ठरली, तिचे नाव ओपनसीएल.

गंमत अशी की, कार्ड हाती लागले नाही तरी डार्कटेबल अडून बसत नाही. सारे काम ते निमूटपणे मुख्य प्रोसेसरकडून करून घेते. चित्र बिघडत नाही, केवळ वेळ वाढतो. म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही.

तेव्हा साखळीची एकेक कडी तळापासून तपासावी. पहिली कडी ड्रायव्हरची. पडद्यावर चित्र नीट दिसते, एवढ्यावरून ड्रायव्हर पूर्ण आहे असे समजू नये. पडद्याचा भाग निराळा आणि ओपनसीएलचा निराळा. डेबियनसारख्या प्रणालीत इंटेल, एनव्हिडिया व मेसा यांची ओपनसीएल पॅकेजे स्वतंत्रपणे बसवावी लागतात. सीएलइन्फो ही आज्ञा देऊन पाहावी. व्यासपीठांची संख्या शून्य आली, तर बहुधा हे पॅकेजच नाही असे समजावे.

व्यासपीठ दिसते, पण उपकरण दिसत नाही, असे झाल्यास दुसरी कडी पाहावी, ती परवानगीची. पुष्कळ ठिकाणी वापरणाऱ्याचे नाव ‘रेंडर’ या गटात असावे लागते. नाव घातल्यावर एकदा बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावयास विसरू नये.

तिसरी कडी खुद्द डार्कटेबलची. त्याच्याबरोबर येणारी डार्कटेबल-सीएलटेस्ट ही आज्ञा कोणते कार्ड सापडले आणि कोणते कोणत्या कारणाने नाकारले, हे सांगते. सेटिंगमध्ये ओपनसीएलची खूण आहे ना, तेही पाहावे.

शेवटची कडी स्मृतीची. मूळ चित्र आणि फलित, दोन्ही एकाच वेळी कार्डात मावावी लागतात. म्हणजे वरचे ओझे दुप्पट झाले. जागा अपुरी पडली की चित्राचे तुकडे करून काम चालते आणि वेग मंदावतो. कार्ड वापरणारे इतर कार्यक्रम बंद केल्यास थोडी मोकळीक मिळते.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी घ्यावी. चार उपाय एकदम केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. सर्व कड्या शाबूत असूनही काम रेंगाळले, तरच नव्या कार्डाचा विचार करावा. पुष्कळदा मात्र एखादे पॅकेज किंवा गटातील एक नाव, एवढीच उणीव असते. आणि ती भरून काढण्यास पैसा लागत नाही.