विश्लेषण : पावसाळ्यात मुदत संपलेले डोमेन दिवाळीला कोणाचे?

रायगडच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा पर्यटनाचा मंदीचा काळ. गेटवे ते मांडवा या मार्गावरच्या नेहमीच्या प्रवासी बोटी बंद असतात. किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर, हरिहरेश्वर येथे ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ करणारी मंडळी डागडुजीत किंवा शेतीच्या कामात असतात. संकेतस्थळाकडे या दिवसांत कोणी फारसे पाहत नाही. मात्र डोमेनची मुदत याच काळात संपली, तर दिवाळीचे बुकिंग सुरू होईपर्यंत ते नाव दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते.

डोमेन विकत मिळते का?

‘डोमेन विकत घेतले’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात तो भाडेपट्टा असतो. नाव एका वेळी १ ते १० वर्षांसाठी नोंदवता येते. व्यवस्था तीन पातळ्यांची आहे. डॉट कॉमची मूळ नोंदवही ‘व्हेरिसाइन’ ही अमेरिकी कंपनी सांभाळते, तर डॉट इन आणि डॉट भारत यांची ‘निक्सी’ म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया. ग्राहकाला नाव देणारी कंपनी म्हणजे रजिस्ट्रार. तिसरा, ज्याच्या नावे नोंद आहे तो धारक. डॉट कॉमसारख्या नावांचे जागतिक नियम ‘आयकॅन’ ही संस्था ठरवते.

मुदत संपली की काय होते?

नाव त्याच दिवशी जात नाही. डॉट कॉमचे उदाहरण घेऊ. मुदत १५ जूनला संपली असे समजा. त्यानंतर कमाल ४५ दिवस, म्हणजे ३० जुलैपर्यंत, सवलतीचा काळ असू शकतो. बहुतेक कंपन्या यात नेहमीच्या दरात किंवा थोड्या विलंब शुल्कासह नूतनीकरण करून देतात. पुढचे ३० दिवस ‘रिडेम्प्शन’चे, २९ ऑगस्टपर्यंत. या काळात संकेतस्थळ बंद असते. नाव मूळ धारकालाच परत मिळू शकते, पण त्याचे शुल्क नेहमीच्या दराच्या कित्येक पट असते. शेवटचे ५ दिवस ‘पेंडिंग डिलीट’चे. यात काहीही करता येत नाही. ३ सप्टेंबरच्या सुमारास नाव वगळले जाते आणि जो आधी नोंदवेल त्याचे होते. अशी सुटलेली नावे टिपण्यासाठी स्वयंचलित यंत्रणा टपून असतात.

हा ८० दिवसांचा हिशेब जास्तीत जास्त मुदतीचा आहे. सवलतीचा काळ किती द्यायचा हे रजिस्ट्रार ठरवतो. अनेक कंपन्या त्याच काळात नाव लिलावात काढतात. तसे झाले तर पुढचे टप्पे येतच नाहीत. डॉट इनचे टप्पे साधारण असेच आहेत, तरी आपल्या कंपनीच्या अटी पाहणे आवश्यक.

आठवणीचे संदेश कुठे जातात?

आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रारने मुदतीआधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन सूचना पाठवायच्या असतात. नूतनीकरण झाले नाही तर मुदतीनंतर ५ दिवसांत तिसरी. अडचण पत्त्याची असते. संकेतस्थळ बनवणाऱ्याने स्वतःचा ईमेल दिलेला असतो, किंवा घरातल्या मुलाने कॉलेजात असताना काढलेला पत्ता नोंदीत असतो. काही ठिकाणी त्याच डोमेनवरचा ईमेल दिलेला असतो. डोमेन बंद पडले की तो पत्ताही बंद पडतो आणि तिसरी सूचना कोणापर्यंतच पोहोचत नाही.

ही चूक मोठ्यांनाही चुकलेली नाही. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’चे नूतनीकरण राहून गेले आणि हॉटमेलच्या अनेक ग्राहकांना लॉगिन करता येईना. अखेर अमेरिकेतील एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डावरून ३५ डॉलर भरले.

वादळात सवलत मिळते का?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड भागांत अनेक दिवस वीज आणि फोन बंद होते. अशा वेळी ईमेल कोण पाहणार? नैसर्गिक आपत्तीत रजिस्ट्रारने नाव वगळणे लांबवावे, अशी मुभा आयकॅन देऊ शकते. २०१७मध्ये मारिया चक्रीवादळानंतर आणि २०२०मध्ये करोनाकाळात ती दिली गेली. मात्र ही मुभा आहे, हक्क नाही. मुदत आपोआप वाढत नाही.

नाव गेल्यास नुकसान काय?

पर्यटक जुन्या नावावर विश्वास ठेवून आगाऊ रक्कम भरतात. नव्या धारकाने त्याच रूपाचे पान उभे केले तर पैसे त्याच्याकडे जातील आणि कुटुंब सामान घेऊन दारात उभे राहील ते मूळ मालकाच्या. ईमेलचा धोका त्याहून गंभीर आहे. बुकिंग पोर्टल किंवा समाजमाध्यमांची खाती त्या डोमेनवरच्या ईमेलला जोडलेली असतील, तर पासवर्ड बदलण्याचे दुवे नव्या धारकाच्या हाती पडतात.

कायदा मदत करतो का?

काही प्रमाणात. डोमेन हा केवळ पत्ता नसून त्याला ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळायला हवे, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने रेडिफच्या प्रकरणात १९९९मध्ये घेतली. सर्वोच्च न्यायालयाने ‘सत्यम इन्फोवे’ प्रकरणात २००४मध्ये तसेच मान्य केले. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद व्यवस्था आहे. परंतु समोरच्याचा हेतू वाईट होता हे दाखवावे लागते. गावाचे नाव आणि त्यापुढे ‘बीच’ किंवा ‘होमस्टे’ अशा नावावर एकट्याचा हक्क सांगणे अवघडच.

काय तपासावे?

आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकले की डोमेनची स्थिती दिसते. मुदतीची तारीख मात्र सावधपणे वाचावी. मुदत संपताच मूळ नोंदवही तारीख आपोआप एक वर्ष पुढे ढकलते. पैसे न भरताही पुढच्या वर्षाची तारीख दिसू शकते. सोबत ‘ऑटो रिन्यू पिरियड’ लिहिलेले असेल तर रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन खात्री करावी. धारक म्हणून स्वतःचे नाव, रोजच्या वापरातला वेगळा ईमेल आणि चालू मोबाइल क्रमांक नोंदवावा. खात्याचा पासवर्ड संकेतस्थळ बनवणाऱ्याकडेच ठेवू नये. ऑटो-रिन्यू सुरू असले तरी जोडलेल्या कार्डाची मुदत पाहावी. नूतनीकरणाच्या नावाने अनोळखी कंपनीचे पत्र आले तर पैसे न भरता आपल्याच रजिस्ट्रारच्या खात्यात पाहावे. वर्षाला साधारण हजार-दीड हजाराचा हा खर्च मे महिन्यात, कौलांच्या डागडुजीसोबतच उरकला तर पावसाळा निर्धास्त जाईल.