शातो मार्गो: लेबल आणि चव यांतला फरक

फ्रान्समधल्या बोर्दोच्या एखाद्या नामांकित शातोची, म्हणजे स्वतःची वाईन बनवणाऱ्या द्राक्षमळ्याची, रेड वाईन समोर आली, की अनेकांचं मत पहिल्या घोटाआधीच ठरलेलं असतं. शातो प्रथम श्रेणीतला, बाटली महाग आणि वाईन जुनी, म्हणजे ती उत्तमच असणार! या तिन्ही गोष्टी काही माहिती जरूर देतात, पण त्यांतली एकही चवीची हमी देत नाही.

पहिला गैरसमज श्रेणीचा. १८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनला बोर्दोच्या वाईनची क्रमवारी हवी होती. ती तिथल्या दलालांनी तयार केली आणि आधार घेतला तो मुख्यतः बाजारात वर्षानुवर्षं मिळालेल्या भावाचा. मार्गो, लाफित, लातूर आणि ओ-ब्रिओं हे चार शातो प्रथम श्रेणीत आले. १९७३ साली मूतों रोथशिल्डला बढती मिळाली, एवढाच त्या श्रेणीतला बदल. शातो मार्गोचाच इतिहास पाहा. १९६० आणि ७०च्या दशकांत तिथल्या वाईनचा दर्जा घसरला होता. १९७७ साली आंद्रे मेंत्झेलोपुलोस यांनी शातो विकत घेतला, द्राक्षमळ्यांवर आणि तळघरांवर पैसा ओतला, एमिल पेनो या वाईनतज्ज्ञाचा सल्ला घेतला आणि नाव पुन्हा उजळलं. पडत्या काळातही लेबलवर प्रथम श्रेणीच होती.

मग हा सगळा नावाचाच बोलबाला, असा आक्षेप कोणी घेईल. तोही टिकत नाही. मार्गोची खडीमिश्रित जमीन पाणी साठू देत नाही आणि उष्णता धरून ठेवते, म्हणून उशिरा पिकणारं कॅबर्ने सोविन्यों हे द्राक्ष तिथे नीट पिकतं. मुख्य वाईनसाठी कसून निवड होते. त्यात न बसलेल्या वाईनचा चांगला भाग ‘पाव्हियों रूज’ या दुसऱ्या नावाने विकला जातो. १९७६ साली पॅरिसमध्ये वाईनव्यापारी स्टीव्हन स्परियर यांनी लेबल झाकून चाचणी घेतली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी रेडमध्ये कॅलिफोर्नियाच्या स्टॅग्ज लीपला पहिलं स्थान दिलं. पण दुसरं मूतोंला मिळालं. नाव अजिंक्य नव्हतं आणि पोकळही नव्हतं.

दुसरा गैरसमज असा, की जाणकाराची जीभ फसत नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोमधल्या एका प्रयोगात व्हाईट वाईनमध्ये गंधहीन लाल रंग मिसळला गेला आणि वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन रेड वाईनच्या शब्दांत केलं. २००८ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात तीच वाईन महाग म्हणून दिल्यावर लोकांना जास्त आवडली. यावरून चव ही निव्वळ कल्पना आहे, असं सिद्ध होत नाही. डोळा आणि किंमत नाकावर दबाव टाकतात, एवढंच दिसतं. म्हणून तर लेबल झाकून चाखण्याला महत्त्व आहे.

पेल्याच्या कडेवरून ओघळणाऱ्या धारांनाही लोक दर्जाची खूण मानतात. जेम्स थॉमसन या शास्त्रज्ञाने १८५५ सालीच दाखवून दिलं, की अल्कोहोल उडून गेल्यावर पृष्ठताणात पडणाऱ्या फरकाने त्या धारा तयार होतात. जुनं ते सोनं हेही सरसकट खरं नाही. बहुतेक वाईन काही वर्षांतच प्यायच्या असतात. मार्गोसारखी वाईन दशकानुदशकं टिकते, कारण तिच्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, आणि आंबटपणा भरपूर असतो. टॅनिनचा फार उकळलेल्या चहासारखा तरुणपणीचा तुरटपणा काळाबरोबर मऊ होतो आणि ताज्या फळांच्या वासाजागी तंबाखू, चामडं, वाळलेली पानं असे वास येऊ लागतात. नुसतं बूच काढून ठेवल्याने मात्र वाईन ‘श्वास घेत’ नाही. अरुंद मानेतून हवा फारशी पोहोचत नाही. हवा द्यायची तर वाईन दुसऱ्या भांड्यात ओतावी लागते. फार जुन्या वाईनबाबत ओतण्याचा मुख्य हेतू गाळ वेगळा करणं हा असतो.

‘रूम टेम्परेचर’चा सल्ला थंड युरोपी घरांतला आहे. महाराष्ट्रातल्या ३० अंशांच्या खोलीत तो पाळला, तर अल्कोहोलचा भपकाच नाकात शिरतो. बोर्दोच्या रेडला १६ ते १८ अंश योग्य. तेव्हा बाटली थोडी थंड करा, पेला एक तृतीयांशच भरा, आधी वास घ्या, मग लहान घोट तोंडभर फिरवा. फळ, आंबटपणा आणि तुरटपणा यांचा तोल साधला आहे का आणि गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते, हे पाहा. किंमत त्यानंतर विचारा.