मृत्तिकाशिल्प, शालेय
मृत्तिकाशिल्प, शालेय : शाळेतील मुलांकडून ओल्या मातीच्या वस्तू व आकृती घडवून घेणे, त्या वाळविणे व भाजणे यांचे शिक्षण. नुसते मातीकाम आणि मृत्तिकाशिल्प यांतील भेद भाजण्यामुळे पडतो. वाळलेली कच्ची वस्तू पाण्यात टाकली की तिची पुन्हा माती होते. भाजलेली मात्र पूर्वस्थितीला येत नाही. महाराष्ट्रातील मुलांना बेंदूर-पोळ्याचे बैल किंवा दिवाळीतील किल्ला यांमुळे मातीची ओळख शाळेत येण्यापूर्वीच असते. तथापि घरी केलेल्या या वस्तू बहुधा कच्च्याच राहतात. लहान मुलांनी केलेले मोडून पुन्हा करावे, हेही शिक्षणच होय. परंतु जाडी, सांधे व वाळवणीतील सबुरी यांची कसोटी आव्यातच लागते.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) यांनी बालोद्यानातील हस्तव्यवसायांत मातीकामाचा समावेश केला. भारतात १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर नई तालीम पद्धतीने हस्तोद्योगाला शिक्षणात मध्यवर्ती स्थान दिले. शांतिनिकेतनात शिकलेले कुंभकार देवीप्रसाद (१९२१–२०११) यांनी १९४४ पासून सेवाग्राम येथे मुलांना कला शिकविली.

व्हिएन्नातील अंध मुलांसमवेत मातीचे काम केलेले व्हिक्टर लोवेनफेल्ट (१९०३–६०) यांनी मुलांच्या घडविण्याच्या दोन रीती सांगितल्या आहेत. एखादे मूल अखंड गोळ्यातूनच पाय, मान, शेपूट ओढून काढते. दुसरे हे अवयव वेगळे करून मागाहून जोडते. एका रीतीच्या मुलाला दुसरीकडे वळवू नये, असे त्यांचे मत होते. अडचण अशी की, जोडलेले अवयव वाळताना वा भाजताना गळून पडतात आणि मुलाचा बैल आव्यातून शिंगांवाचून बाहेर येतो. हे टाळण्यासाठी पुष्कळ शिक्षक सर्वांना एकच नमुना किंवा साचा देतात. तसे केल्याने बैल टिकतो, पण तो त्या मुलाचा राहत नाही. खरा उपाय सांधा शिकविण्याचा आहे : दोन्ही भाग सारखेच ओलसर असावेत, जोडावयाच्या जागी काडीने ओरखडे काढावेत, त्यांवर मातीचा पातळ लगदा लावावा व भाग दाबून बसवून कडा बोटाने एकमेकींत मिसळाव्यात. आकार कसा असावा, हे मुलाने ठरवावे. तो टिकेल कसा, एवढेच शिक्षकाने सांगावे.

दख्खनच्या पठारावर सहज मिळणारी काळी माती ओली असता फुगते व वाळताना फार आकसते, त्यामुळे वस्तूंना भेगा पडतात. तीत बारीक वाळू, राख किंवा कुंभार वापरतात ती लीद मिसळल्यास आकसणे कमी होते. गणेशमूर्तींची शाडू माती हाताला मऊ असते, परंतु तिचा तुकडा आधी भाजून पाहावा. ओल्या वडीवर १० सेंमी. लांबीची रेघ ओढून ती भाजल्यावर मोजावी. रेघ ९ सेंमी. भरली, तर माती दहा टक्के आकसली. गणिताच्या तासालाही हा प्रयोग उपयोगी पडतो. माती नीट तिंबून घ्यावी. सुरुवात अंगठ्याने गोळ्यात खळगा करून त्याच्या कडा चिमटीने वाढविण्यापासून करावी. त्यानंतर वळ्यांची व थापलेल्या पट्ट्यांची भांडी घ्यावीत. भिंती सु. १ सेंमी. जाडीच्या असाव्यात, भरीव आकृती आतून कोरून पोकळ कराव्यात.

आव्यात वस्तू फुटली की दोष आतील हवेच्या बुडबुड्याला दिला जातो. वस्तुतः ती फुटते ती बहुधा राहिलेल्या ओलाव्याची एकाएकी वाफ झाल्याने. म्हणून वस्तू सावलीत आठवडाभर, पावसाळ्यात त्याहून अधिक, वाळवाव्यात आणि १००° से.पर्यंत आंच फार सावकाश वाढवावी. सु. ४५०° ते ६००° से.च्या दरम्यान मातीतील रासायनिक रीत्या बद्ध पाणी निघून जाते. ५७३° से.ला क्वॉर्ट्‌झचे आकारमान एकदम बदलते. यास्तव निवतानाही आवा घाईने उघडू नये. लाल मातीची भांडी सामान्यतः ९००° ते १,०००° से.ला भाजतात. शाळेत विजेची भट्टी नसल्यास गावातील कुंभाराच्या आव्यात वस्तू ठेवता येतात. मुलांनी तो आवा रचताना पाहणे हा स्वतंत्र पाठच ठरतो. विटांच्या चौकोनात लाकडाच्या भुशात वस्तू पुरून भुसा वरून पेटविण्याची रीतही सोपी आहे. तीत तापमान कमी राहते व वस्तू धुराने काळ्या होतात, हे मुलांना आधीच सांगावे. नाहीतर त्यांचा विरस होतो.

झिलईसाठी शेंदूर, मुरदाडशिंग यांसारखी शिशाची संयुगे शाळेत मुळीच वापरू नयेत. ती विषारी असून अशा झिलईच्या भांड्यातून आंबट पदार्थात शिसे उतरते. सुक्या मातीची धूळही निरुपद्रवी नाही. तीतील सिलिकेचे सूक्ष्म कण दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास फुप्फुसांचा विकार जडतो. बाके व जमीन झाडू नयेत, ओल्या फडक्याने पुसावीत.