मेटल डिटेक्टर निवडताना आधी जमीन पाहा

ब्रिटनमध्ये नांगरलेल्या शेतांतून मेटल डिटेक्टर फिरवत जुनी नाणी शोधणं हा अनेकांचा छंद आहे. 2009 साली स्टॅफर्डशायरमधल्या एका शेतात टेरी हर्बर्ट यांना अँग्लो-सॅक्सन काळातल्या सोन्याचा प्रचंड साठा सापडला. पुढे त्याची किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. हर्बर्ट यांचा डिटेक्टर तेव्हा 14 वर्षं जुना होता. म्हणून महागडं यंत्र पाहण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: जमीन कुठली आणि शोधायचं काय?

फ्रिक्वेन्सीचा फरक

छंदासाठीचे बहुतेक डिटेक्टर कॉइलमधून अखंड चुंबकीय लहरी सोडतात आणि धातूकडून परतणारा प्रतिसाद वाचतात. कमी फ्रिक्वेन्सीला चांदीची मोठी नाणी खोलवर सापडतात, तर जास्त फ्रिक्वेन्सीला सोन्याचे बारीक कण आणि पातळ तुकडे कळतात. गॅरेट एस 250 चालतो 6.5 किलोहर्ट्झवर, नोक्ता सिम्प्लेक्स प्लस 12 वर आणि सोन्याच्या कणांसाठी बनवलेला मिनेलॅब गोल्ड मॉन्स्टर 1000 थेट 45 वर. यातला एक दुसऱ्यापेक्षा ‘चांगला’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण त्यांची कामंच वेगळी आहेत.

मिनेलॅब इक्विनॉक्ससारखी यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतात. समुद्रकाठी याचा खरा उपयोग होतो. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते, त्यामुळे एका फ्रिक्वेन्सीचं यंत्र तिथे उगाच वाजत राहतं.

लोहयुक्त माती

कोकणातल्या जांभ्यासारख्या लोहयुक्त जमिनीतही साधी यंत्रं गोंधळतात. ऑस्ट्रेलियाच्या सुवर्णक्षेत्रांत यावर ‘पल्स इंडक्शन’ डिटेक्टर वापरतात. ते झटक्याझटक्याने लहर सोडतात आणि ती थांबल्यावर धातूतला प्रवाह किती वेळात विरतो ते मोजतात. खोली उत्तम मिळते, पण खिळा की सोनं हे नीट ओळखता येत नाही. गावाजवळच्या शेतात असं यंत्र नेलं, तर दिवसभर गंजके खिळेच उपसावे लागतील.

पडद्यावरचा आकडा

सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी पडद्यावर बरेचदा सारखाच आकडा दाखवतात. आकड्यावर विसंबून ‘कचरा’ गाळणारा सोनंही गाळतो. त्यामुळे नवख्याने आधी आवाज ओळखायला शिकावं. कॉइलचंही तसंच: मोठी कॉइल खोल जाते, पण शेजारशेजारच्या वस्तू वेगळ्या दाखवत नाही. खिळ्यांनी भरलेल्या जागी मी लहान कॉइलच निवडेन. उरलेल्या पैशांत हातात धरायचा पिनपॉइंटर घ्यावा. खड्डा लहान राहतो आणि वस्तूला फावडं लागत नाही.

कायदा आणि खणणं

इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी लागते आणि 1996 च्या ट्रेझर ॲक्टखाली येणारा ऐवज कळवावा लागतो. भारतात 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. संरक्षित किल्ल्यांवर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा. उकरून काढलेल्या नाण्याबरोबर ते कुठे, कशासोबत पडलं होतं ही माहिती कायमची जाते.

1992 साली सफोकमधल्या हॉक्सन इथे एरिक लॉज मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते, तेव्हा त्यांना रोमन नाणी आणि दागिने लागले. सगळं न उपसता त्यांनी खबर दिली. पुरातत्त्वज्ञांनी उरलेला साठा जागच्या जागी उलगडला, म्हणूनच तो लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता, हे समजू शकलं.