रोटाव्हेटरच्या पोटातली माती

मृगाचा पाऊस झाला की औसा-निलंग्यापासून अर्धापूर-हदगावपर्यंत ट्रॅक्टरांच्या मागे रोटे लागतात. दुकानात रोटाव्हेटर घेताना गिऱ्हाईक विचारतं ते पाच फुटी की सहा फुटी, पाती किती, गिअरबॉक्स कसला. वरच्या पत्र्याला आतून कसला रंग आहे, हे क्वचितच कुणी विचारतं. यंत्र सडायला लागतं ते मात्र तिथूनच.

वरून पाहिलं तर तो पत्रा नुसतं झाकण वाटतो, पण त्याला काम असतं. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे मागचा फिरता दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरतो, गिअरबॉक्स तो वेग उतरवतो आणि पात्यांचा रोटर मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या घेतो. इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती ढेकूळ कापतात आणि जोरात मागे, वर भिरकावतात. ते पत्र्यावर आणि मागच्या फळीवर आपटून फुटतं. माती भुसभुशीत होते त्यात या आपटण्याचा मोठा वाटा असतो. रानात गोटे, मुरूम असेल तर आतला रंग एका हंगामातच खरवडून निघतो आणि लोखंड उघडं पडतं.

त्यात आपली माती काळी. बेसाल्ट खडक झिजून झालेली ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की भेगाळते आणि ओली असताना जिथं लागेल तिथून सुटत नाही. ओल्या रानात रोटा घातला की पहिल्याच तासाला पत्र्याच्या आत थर धरतो. पुढच्या प्रत्येक तासाला तो वाढतो, पात्यांची टोकं आणि पत्रा यांमधली जागा बुजते, आणि ज्या मातीनं उडून फुटायचं ती आतच घुसळली जाते. इंजिन दबतं, डिझेल जास्त जातं. संध्याकाळी रोटा तसाच गोठ्यामागं उभा केला की तो थर ओल धरून रात्रभर पत्र्याला चिकटून बसतो. थोडाथोडका नव्हे, तीन-चार बोटं जाड.

जगात दुसरीकडे हीच कटकट हिरवळ कापणाऱ्या यंत्राची आहे. इंग्लंडात एडविन बडिंगनं १८३० साली पहिलं गवत कापायचं यंत्र काढलं, त्याला पात्यांचा रूळ होता. पुढे आडवं पातं गरगर फिरवणारी यंत्रं आली, त्यांवर पत्र्याचं झाकण आलं आणि झाकणाखाली ओल्या गवताचा लगदाही आला. तिकडचे लोक आतून सिलिकॉनचा फवारा मारतात, ग्राफाइटचा रंग देतात, कुणी स्वयंपाकाचं तेल लावतं. आपल्याकडे जळालेलं ऑइल लावतात. चालू हंगामात यातलं काहीच टिकत नाही, कारण मातीचा मारा पहिल्या एकरातच ते पुसून नेतो. जळालेलं ऑइल तर पुसून आपल्याच रानात जातं, म्हणून पेरणीच्या दिवसांत ते लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हंगाम संपला की पत्रा तारेच्या ब्रशनं घासून, कोरडा करून रेडऑक्साइड आणि त्यावर ऑइलपेंट द्यावा. खर्च फार नाही, एक दिवस मोडतो.

रोजची सफाई मात्र ब्रशनं होत नाही. जे ड्रायव्हर हे काम नीट करतात, त्यांचा हात पाहण्यासारखा असतो. काम संपल्यावर ते लगेच खरवडायला बसत नाहीत, कारण चिखल खुरप्यालाच चिकटतो. सकाळपर्यंत ठेवतही नाहीत, कारण वाळलेल्या काळ्या मातीला मग छिन्नी-हातोडा लागतो आणि पत्र्याला पोचे येतात. चहापाणी होईतो थर आंबट-ओला होतो, बोट दाबलं तर उमटतं पण बोटाला लागत नाही. मग खुरप्याचं टोक पत्र्याच्या कडेला घालून उचललं की अख्खी खपली उलटून खाली येते. खपलीच्या पाठीवर रंगाचे कपचे आणि गंजाचा तांबूस डाग दिसतो. एवढ्या कामासाठी ट्रॅक्टर बंद, किल्ली खिशात आणि उचललेल्या रोट्याखाली लाकडी ठोकळे हवेतच. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणीही खाली हात घालू नये. लिफ्ट बसली तर पाती अंगावर येतात.

धुण्याचा प्रश्न लातूरकरांना वेगळा सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, तेव्हा तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं आणि ते शहराच्या घशासाठी होतं. अशा मुलखात पाण्याविना खरवडणं हीच पहिली पद्धत असायला हवी. वॉशिंग सेंटरवर प्रेशरनं धुतल्यानं पत्रा लखलखतो हे खरं, पण तोच फवारा ऑइल सीलमधून बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. धुतलंच तर लगेच ग्रीस मारावं. अर्धापूरकडे केळीचे खुंट मोडणाऱ्यांनी तर रोटरची दोन्ही टोकं रोज पाहावीत. केळीचा धागा, ठिबकची नळी, सुतळी तिथं आवळून बसते, सील कापते आणि ९० नंबरचं गिअर ऑइल गळून जातं.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते वाफशाबद्दल, म्हणजे माती ओली असूनही चिकटत नाही त्या अवस्थेबद्दल. वाफशावर चालवलेल्या रोट्याच्या पोटात माती फारशी धरतच नाही. चांगले ड्रायव्हर म्हणतातही, "मालक, रान वल्लं हाय, दोन दिस थांबा." पण पाऊस पुन्हा येईल, मृग निघून जाईल, शेजाऱ्याचं सोयाबीन आधी पेरून होईल, या धास्तीनं मालक थांबत नाही. पत्र्याला बसलेला थर दिसतो, त्याच वेळी खाली काय झालं ते दिसत नाही. ओल्या मातीत पात्याचं आडवं टोक चार-पाच इंचांवर जमीन लिंपत जातं. दरवर्षी त्याच खोलीवर असं झालं की कडक थर बनतो, मुळं तिथंच अडतात, पाणी वरच तुंबतं. रोटा शोधणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या आर्थर हॉवर्डनं १९१२ साली गिलगांड्रा इथं वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांचे प्रयोग सुरू केले, ते नांगरटीनं माती दबते ती दबू नये म्हणून. त्याच्या सुरुवातीच्या यंत्रात माती बाजूला उडून जायची. ती अडचण त्यानं याच एल आकाराच्या पात्यानं सोडवली आणि १९२० मध्ये पेटंट घेतलं. त्याच पात्यानं आपण ओल्या रानात माती दाबत आहोत, याचं मला वाईट वाटतं.

भाड्याच्या रोट्याचं दुखणं आणखी निराळं. तो एका दिवसात तीन-चार रानं फिरतो आणि पोटातली माती सोबत नेतो. त्या मातीत कुंद्याची मुळं असतात, लव्हाळ्याच्या गाठी असतात, हरळीच्या काड्या असतात. हळदीच्या कंदकुजीची बुरशीही मातीतूनच पुढं जाते. कुंदा एकदा रानात शिरला तर खणून काढताना माणसं हैराण होतात, आणि तो आला कुठून हे मात्र कळत नाही. म्हणून एकरी दर ठरवतानाच सांगावं, की रोटा आधीच्याच रानात खरवडून मग आमच्या धुऱ्यावर आणा. ज्याच्या रानातली माती आहे त्यानं खरवडण्याच्या अर्ध्या तासाचे पैसे ड्रायव्हरला वेगळे द्यावेत. ड्रायव्हरला एकरावर मजुरी मिळते, खरवडायला बसला की त्याचा तेवढा एकर बुडतो, आणि फुकटात हे काम कुणीच करणार नाही.