शिफ्टच्या घरासाठी जपानी नूडल्स

१९६९ साली तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले, पुढे कारखाने वाढले आणि बोईसरच्या कितीतरी घरांतले जेवण शिफ्टच्या वेळेवर होऊ लागले. मैत्रिणींनो, अशा घरासाठी जपानी ‘याकिसोबा’ फार सोयीचा. नावातला ‘सोबा’ म्हणजे खरे तर कुट्टूच्या शेवया; पण यात गव्हाच्याच नूडल्स घालतात.

चौघांसाठी २०० ग्रॅम नूडल्स किंचित कच्च्या उकडा, गार पाणी ओतून निथळा व चमचाभर तेल चोळा. दोन वाट्या कोबी, एक गाजर, एक सिमला मिरची व थोडी कांद्याची पात उभी चिरा. दोन मोठे चमचे सोया सॉस, एकेक चमचा टोमॅटो सॉस व व्हिनेगर आणि अर्धा चमचा साखर कालवा. सारे झाकून फ्रीजमध्ये ठेवा.

माणूस घरी आला की कढईत तेल चांगले तापवा. मोठ्या आचेवर आधी गाजर, मग कोबी-मिरची दोन मिनिटे परता. मीठ घालू नका. भाज्यांना पाणी सुटते, आणि सॉस खारट असतोच. नूडल्स टाका, सॉस कडेने सोडा, वर पात पेरा. एका वेळी दोघांपुरतेच करा. कढई गच्च भरली, की गोळा झालाच म्हणून समजा!

रात्री बाराला येणाऱ्यालाही गरम घास मिळतो, आणि आपल्यालाही पुन्हा तासभर ओट्याशी उभे राहावे लागत नाही.