उचलीची रेषा

आमच्या तिसगावहून नगरला जाताना करंजी घाट लागतो. गाडी जितकी पुढे जाते त्या मानाने किती वर येते, हे ज्या आकड्याने सांगता येते त्याला गणितात 'चढ' म्हणतात. दहावीत 'य = म क्ष + क' हे समीकरण मी पाठ केले होते, पण त्यातला 'म' म्हणजे चढ आणि 'क' म्हणजे रेषा य-अक्षाला जिथे छेदते ती जागा, हे मला खरे उमजले ते घरी. माझे आई-दादा ऊसतोडीला जातात.

मित्रहो, मुकादमाकडून एका कोयत्याने, म्हणजे नवराबायकोच्या जोडीने, ८०,००० रुपये उचल घेतली असे समजा. एक टनही तोडण्याआधी हिशेब शून्याच्या खाली ८०,००० वर आहे. म्हणून आलेखाच्या कागदावर पहिला ठिपका य-अक्षावर, उणे ८०,००० पाशी. तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. हाच चढ. १०० टन पुढे सरका, ३६,६०० वर चढा. दुसरा ठिपका उणे ४३,४०० वर येतो. दोन ठिपके पट्टीने जोडले की रेषा झाली. तिसरा ठिपका काढायची गरजच नाही, पण मी काढतो. चूक लगेच दिसते. ही रेषा सुमारे २१९ टनांवर क्ष-अक्षाला छेदते. तिथे उचल फिटली. रोजचे दोन टन धरले तर ११० दिवस.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली. त्याआधी आमचा दर २७३ होता. त्याच ठिपक्यापासून जुनी रेषा काढली तर ती २९३ टनांपर्यंत रखडते. ७४ टनांचा फरक, म्हणजे ३७ दिवसांची मोळी डोक्यावरून उतरली.

उचल वाढवून घेतली की बरे, असे आईला वाटते. पण उचलीने 'क' बदलतो, 'म' नाही. रेषा तेवढ्याच चढाची राहून समांतर खाली सरकते. प्रत्यक्षात ती इतकी सरळही नसते म्हणा. आठवड्याची खर्ची घेतली, खाडा पडून पैसे कापले, की त्या जागी खाली तुटते. वहीत मी तेही दाखवले, तेव्हा दादा बराच वेळ बोटाने त्या पायऱ्या मोजत बसले.

यंदा बहिणीच्या लग्नासाठी एक लाखाची उचल घेतली आहे. २७३ टन, १३७ दिवस. "आणि १२० दिवसांतच पट्टा पडला तर?" आईने विचारले. २४० टनांवर रेषा वाचली : उणे १२,१६०. खर्ची मी धरली नव्हती. "म्हणजे पुढच्या वर्षाचा ठिपका आत्ताच पडला की," आई म्हणाली, आणि भाकरी थापायला उठली.